हायड्रोजन जिथे, युरिया तिथे

यवतमाळच्या एक हेक्टर रानावर हवेचा जो स्तंभ उभा आहे, त्यात सुमारे 78 हजार टन नायट्रोजन आहे. नॉर्वेतल्या बटाट्याच्या, चीनमधल्या भाताच्या आणि नायजेरियातल्या मक्याच्या हेक्टरावरही तो जवळपास तेवढाच आहे. निसर्गाने इतकी समान वाटणी फार थोड्या कच्च्या मालांची केली आहे. लोहखनिज एका देशात असते, दुसऱ्यात नसते, तेलाचे तसेच. नायट्रोजन मात्र कुणाच्याच मालकीचा नाही आणि सगळ्यांच्याच डोक्यावर आहे.

तरीही नायट्रोजनयुक्त खतांचे कारखाने जगात सारखे पसरलेले नाहीत. आज जगात वर्षाला 18 कोटी टनांच्या आसपास अमोनिया तयार होतो. त्यातला जवळपास 30 टक्के एकट्या चीनमध्ये होतो. अमेरिका, रशिया, भारत, युरोपीय संघ आणि पश्चिम आशिया यांचा वाटा प्रत्येकी 8 ते 10 टक्के. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडचा आफ्रिका खंड या हिशेबात जेमतेम दिसतो. शंभर वर्षांपूर्वी हाच नकाशा वेगळा होता आणि पन्नास वर्षांपूर्वी आणखी वेगळा.

हा नकाशा का सरकतो याचे उत्तर अमोनियाच्या घडणीत आहे. नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचे तीन अणू मिळून अमोनिया बनतो. वजनाने पाहिले तर एक टन अमोनियात 820 किलोंहून थोडा अधिक नायट्रोजन आणि फक्त 178 किलो हायड्रोजन असतो. नायट्रोजन हवेतून घ्यायचा. त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतके घट्ट धरून असतात की ते सोडवायला प्रचंड दाब, उष्णता आणि उत्प्रेरक लागतो. पण खर्चाचा मोठा भाग जातो तो त्या 178 किलो हायड्रोजनवर. हायड्रोजन मोकळा कुठे मिळत नाही. कोळशातून, तेलातून, नैसर्गिक वायूतून किंवा पाण्यातून तो काढावा लागतो. त्यामुळे खताचा कारखाना कुठे उभा राहणार हे ज्या त्या काळी स्वस्त हायड्रोजन कुठे मिळतो, यावर ठरत आले. आणि जिथे तो स्वस्त नव्हता, तिथे सरकारने किती पैसे मोजायची तयारी ठेवली, यावर.

हवेतून खत काढण्याआधी जग ते जमिनीवरून खरवडत होते. 1840 नंतर पेरूच्या किनाऱ्याजवळची चिंचा बेटे पक्ष्यांच्या साठलेल्या विष्ठेसाठी, म्हणजे ग्वानोसाठी, अक्षरशः तळापर्यंत खोदली गेली. तीस-पस्तीस वर्षांत ते साठे संपत आले. मग अटाकामा वाळवंटातल्या सोऱ्याची पाळी आली. या सोऱ्याच्या खाणींवरून चिली, पेरू आणि बोलिव्हिया यांच्यात 1879 ते 1883 असे युद्ध झाले. चिली जिंकला, बोलिव्हियाने आपला समुद्रकिनारा कायमचा गमावला. पहिले महायुद्ध सुरू होण्याच्या आदल्या वर्षी चिलीतून 25 लाख टनांहून जास्त सोरा बाहेर गेला. युरोपातली बीटची शेती आणि युरोपातली स्फोटके, दोन्ही त्यावर चालत होती.

1898 मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी ब्रिस्टलच्या विज्ञानसभेत अध्यक्षपदावरून इशारा दिला. गहू खाणाऱ्या देशांची लोकसंख्या वाढते आहे, नवी जमीन संपत आली आहे, सोरा काही दशकांपुरता आहे. हवेतला नायट्रोजन पकडायची वाट रसायनशास्त्रज्ञांनी शोधली पाहिजे. या आव्हानाला पहिले औद्योगिक उत्तर मिळाले ते नॉर्वेत. क्रिस्तियान बिर्कलँड आणि साम आयडे यांनी विजेच्या ज्योतीत हवा जाळून नायट्रोजनची संयुगे काढली आणि 1905 मध्ये नॉर्स्क हायड्रो ही कंपनी उभी राहिली. नोटोडेन आणि रियुकान इथले कारखाने धबधब्यांच्या विजेवर चालत. वीज इतकी लागायची की ही पद्धत डोंगर, पाणी आणि कमी वस्ती असलेल्या देशालाच परवडावी.

मुख्य वाट जर्मनीत सापडली. फ्रिट्झ हाबर यांनी कार्ल्सरुहच्या प्रयोगशाळेत ऑस्मियमचा उत्प्रेरक वापरून उच्च दाबाखाली नायट्रोजन आणि हायड्रोजन थेट जोडून दाखवले. 2 जुलै 1909 रोजी बाडिश म्हणजे बीएएसएफ कंपनीचे कार्ल बॉश आणि आल्विन मिटाश प्रयोग पाहायला आले. उपकरणाचा एक बोल्ट ऐन वेळी निकामी झाला, दुरुस्तीत तास गेले, बॉश निघून गेले. मिटाश थांबले, आणि द्रवरूप अमोनिया थेंबाथेंबाने जमताना त्यांनी पाहिला.

प्रयोगशाळेतल्या थेंबांचे टन करायचे काम बॉश यांच्याकडे आले. त्यांची सर्वात अवघड लढाई साध्या पोलादी नळीशी झाली. तापलेल्या, दाबाखालच्या वायूंच्या पहिल्या मोठ्या नळ्या सुमारे 80 तास चालल्या आणि फुटल्या. बॉश यांनी फुटलेल्या नळीचे काप सूक्ष्मदर्शकाखाली धरले. पोलादाला बळकटी देणारा कार्बन आतल्या बाजूने नाहीसा झाला होता. वाळवी लाकूड आतून पोखरते तसा हायड्रोजन पोलादात शिरून त्यातल्या कार्बनशी संयोग करत होता आणि भिंत ठिसूळ होत होती. बॉश यांनी काढलेला तोडगा आजही अभियांत्रिकीच्या वर्गात सांगितला जातो. आत कार्बन जवळपास नसलेल्या मऊ लोखंडाचे अस्तर, बाहेर दाब पेलणारे मजबूत पोलाद आणि त्या बाहेरच्या कवचाला बारीक छिद्रे. अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन छिद्रांतून निघून जाई. बाहेरच्या पोलादात अडकून त्याला कुरतडायला त्याला वावच राहिला नाही. दरम्यान मिटाश यांच्या गटाने हजारो चाचण्या करून महागड्या ऑस्मियमऐवजी लोखंडावर आधारलेला उत्प्रेरक शोधला होता. आजचे कारखानेही मुख्यतः त्याच वंशातला उत्प्रेरक वापरतात.

सप्टेंबर 1913 मध्ये लुडविग्सहाफेनजवळ ओपाऊ इथे जगातला पहिला कारखाना सुरू झाला. क्षमता दिवसाला 30 टन अमोनिया. हायड्रोजन कोळशापासून. वर्षभरात युद्ध सुरू झाले, ब्रिटिश नौदलाने चिलीच्या सोऱ्याची वाट अडवली आणि खतासाठी उभा राहिलेला कारखाना दारूगोळ्याच्या कामाला लागला. मध्य जर्मनीत लिग्नाइट कोळशाजवळ लॉयना इथे दुसरा, कितीतरी मोठा कारखाना वर्षभराच्या आत उभा राहून 1917 मध्ये चालू झाला.

या उद्योगाची दुसरी बाजूही ओपाऊनेच जगाला दाखवली. 21 सप्टेंबर 1921 रोजी तिथल्या गोदामात घट्ट झालेला सुमारे साडेचार हजार टन खताचा ढीग सुरुंगाने फोडताना स्फोट झाला. अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेटचे ते मिश्रण होते आणि हीच पद्धत आधी अनेकदा वापरली गेली होती. 500हून अधिक माणसे गेली.

युद्धानंतर जर्मनीचे गुपित गुपित राहिले नाही. ब्रिटनने टीज नदीकाठी बिलिंगहॅम इथे 1924 मध्ये अमोनिया काढला. फ्रान्समध्ये क्लोद, इटलीत कझाले आणि फाउझर यांनी आपापल्या पद्धती बसवल्या. 1930च्या मंदीपर्यंत चिलीच्या सोऱ्याचे साम्राज्य कोसळले होते. हंबरस्टोन आणि सांता लॉरा ही तिथली ओस पडलेली सोऱ्याची गावे आता युनेस्कोच्या वारसायादीत आहेत.

या पहिल्या पर्वात कारखाना कोळशाच्या खाणीजवळ किंवा धबधब्याजवळ असे. दुसऱ्या पर्वाची दिशा अमेरिकेने ठरवली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने स्फोटकांसाठी दहा अमोनिया कारखाने बांधले. युद्ध संपल्यावर ते खताकडे वळले. त्यातल्या अनेकांनी हायड्रोजन काढला तो नैसर्गिक वायूपासून. वायूत कार्बनच्या प्रत्येक अणूमागे हायड्रोजनचे चार अणू असतात. कोळशात हे प्रमाण फारच कमी. वायू नळातून येतो, राख सोडत नाही, त्याला दळायला किंवा धुवायला लागत नाही. लुइझियाना आणि टेक्सासच्या किनाऱ्यावर वायू मुबलक होता, तिथे कारखान्यांची रांग लागली. 1960च्या दशकात केलॉग कंपनीने वाफेवर फिरणारे अपकेंद्री कॉम्प्रेसर वापरून एकाच साखळीत दिवसाला 600 आणि लगेचच 1,000 टन अमोनिया काढणारे कारखाने आणले. ओपाऊमध्ये एक टन अमोनियाला 100 गिगाज्यूलच्या आसपास ऊर्जा खर्च होई. आजचे उत्तम वायुआधारित कारखाने 28 गिगाज्यूलच्या आसपास भागवतात.

मोठा कारखाना आणि स्वस्त वायू ही जोडी ज्याच्याकडे, त्याच्याकडे खत, हे समीकरण पक्के झाले. सोव्हिएत संघाने सायबेरियाच्या वायूवर प्रचंड क्षमता उभारली आणि 1980च्या दशकात तो जगातला सर्वात मोठा नायट्रोजन खत उत्पादक ठरला. व्होल्गाकाठच्या तोल्यात्तीपासून काळ्या समुद्रावरच्या ओडेसाजवळच्या बंदरापर्यंत सुमारे 2,400 किलोमीटरची अमोनियावाहिनी टाकली गेली. वर्षाला 25 लाख टन अमोनिया त्यातून वाहू शके. सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा सामूहिक शेतांची खत घेण्याची ऐपत संपली, कारखाने मात्र उभेच होते. त्यांचा माल निर्यातीला लागला आणि जगाच्या बाजारात भाव पडले. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले त्याच दिवशी ही वाहिनी बंद झाली.

कतार, सौदी अरेबिया, त्रिनिदाद या देशांत तेलाबरोबर निघणारा वायू वर्षानुवर्षे जाळून टाकला जात होता. तिथे 1960 आणि 1970च्या दशकांत अमोनिया आणि युरियाचे कारखाने आले. वायू जहाजातून नेण्यासाठी त्याला उणे 160 अंशांपर्यंत गार करावे लागते. युरियाच्या पांढऱ्या दाण्यांना साधे मालवाहू जहाज पुरते. अशा देशांसाठी युरिया म्हणजे वायू विकण्याचा सोपा मार्ग ठरला.

चीन मात्र या वाटेने गेला नाही. 1959 ते 1961 या काळातल्या भीषण दुष्काळाने कोट्यवधी बळी घेतले होते. खत हवे होते आणि हातात ना पुरेसा वायू, ना परकीय चलन. रसायन अभियंता होउ देबांग यांच्या पुढाकाराने अमोनियम बायकार्बोनेट बनवणारे छोटे कारखाने जिल्ह्याजिल्ह्यात उभे राहिले. 1970च्या दशकाच्या अखेरीस त्यांची संख्या दीड हजारांवर गेली होती. कोळसा स्थानिक, यंत्रे देशी, कामगार गावातले. त्या खतात नायट्रोजन फक्त 17 टक्के. युरियात तो 46 टक्के असतो. शिवाय ते उघड्यावर ठेवले की त्यातला अमोनिया उडून जाई. पोते फोडले की डोळ्यांत पाणी आणणारा वास यायचा आणि तो वास म्हणजे शेतकऱ्याचे हवेत निघालेले नत्र. तरीही कित्येक वर्षे चीनचे निम्म्याहून अधिक नायट्रोजन खत या छोट्या कारखान्यांतून येत होते.

फेब्रुवारी 1972 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बीजिंगला गेले. त्यानंतरच्या मोठ्या व्यापारी करारांत चीनने 13 अजस्र अमोनिया-युरिया कारखाने परदेशातून मागवले, त्यातले आठ केलॉगचे. प्रत्येकाची क्षमता दिवसाला 1,000 टन अमोनिया. 1990च्या दशकात चीन नायट्रोजन खतांच्या उत्पादनात जगात पहिला आला आणि तिथेच राहिला. वायू आजही त्याला अपुरा आहे. शान्शी, शान्दोंग, हेनान, आतला मंगोलिया या प्रांतांतले कारखाने मुख्यतः कोळशावर चालतात. कोळशापासून अमोनिया काढताना दर टनामागे वायूच्या तुलनेत कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. उत्पादनाच्या आकड्यांत चीन पहिला, आणि अमोनियाच्या धुराच्या आकड्यांत त्याहून पुढे, याचे कारण हेच.

भारताची वाट या सगळ्यांहून निराळी, कारण भारताने जवळपास प्रत्येक कच्चा माल वापरून पाहिला. दुसऱ्या मोठ्या देशाच्या इतिहासात इतकी विविधता क्वचितच सापडते.

1947 मध्ये केरळात अलवायेजवळ फॅक्ट हा कारखाना सुरू झाला तेव्हा तिथे ना कोळसा होता ना वायू. जळाऊ लाकडापासून वायू करून त्यातून हायड्रोजन काढला जाई. 1943च्या बंगालच्या दुष्काळानंतर मोठ्या सरकारी कारखान्याची कल्पना पुढे आली आणि झारखंडमधल्या, तेव्हाच्या बिहारमधल्या, सिंद्रीला तो 1951 मध्ये चालू झाला. कोळसा धनबादच्या पट्ट्यातला, जिप्सम राजस्थानातले, उत्पादन अमोनियम सल्फेट, क्षमता वर्षाला साडेतीन लाख टन. पंजाबात नांगलला 1960च्या दशकाच्या सुरुवातीला आणखी वेगळा प्रयोग झाला. भाक्रा धरणाच्या विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन मिळवला गेला. आज ज्याला हरित हायड्रोजन म्हणतात, तो भारतात साठ वर्षांपूर्वी खतासाठी वापरला जात होता. पुढे विजेला शेती आणि उद्योगांची मागणी वाढली आणि विस्तार करताना नांगलने इंधन तेलाचा आधार घेतला.

मग नाफ्त्याचा काळ आला. मुंबईत ट्रॉम्बेला 1950च्या दशकात दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले होते. त्यांच्याकडचा नाफ्ता तेव्हा स्वस्त होता. 1965 मध्ये त्यांच्या शेजारीच खत कारखाना चालू झाला. ‘सुफला’ हे नाव महाराष्ट्राच्या बांधाबांधावर पोहोचले ते इथून. वडोदऱ्यात गुजरात स्टेट फर्टिलायझर्स, गोव्यात झुआरीनगरला 1973 मध्ये झुआरी, अशी नाफ्त्यावरची मालिका पुढे गेली. गोव्याचा कारखाना सुरू झाला त्याच वर्षी तेलाचा भडका उडाला आणि नाफ्ता स्वस्त राहिला नाही.

या संकटानंतर दिल्लीने घेतलेला निर्णय आजपर्यंत भारतीय युरियाचे नशीब ठरवतो आहे. खताच्या किमतीचा प्रश्न एस. एस. मराठे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे सोपवला गेला आणि तिच्या शिफारशीवर 1977 मध्ये ‘रिटेन्शन प्राइस’ योजना आली. कारखान्याचा वाजवी खर्च आणि त्यावर ठरावीक परतावा सरकार भरून देणार. शेतकऱ्याला मात्र सगळीकडे एकच भाव. कारखाना कोळशावर असो, नाफ्त्यावर असो की वायूवर, दुकानातल्या पोत्याची किंमत तीच. अमेरिकेत महाग वायूचा कारखाना बाजारात टिकत नाही. भारतात तो टिकू शकला, कारण भावातला फरक तिजोरीतून भरला जात होता.

1974 मध्ये मुंबई हाय सापडले आणि भारताला स्वतःचा वायू मिळाला. उरणला तो किनाऱ्यावर आला. अलिबागजवळ थळ-वायशेतला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा आणि सुरतेजवळ हाजिऱ्याला कृभको या सहकारी संस्थेचा, असे दोन प्रचंड कारखाने 1980च्या दशकाच्या मध्यात उभे राहिले. त्यानंतर हाजिऱ्याहून मध्य प्रदेशातल्या विजयपूरमार्गे उत्तर प्रदेशातल्या जगदीशपूरपर्यंत वायुवाहिनी गेली. तिच्या काठाने विजयपूर, आंवला, जगदीशपूर, गडेपान, बबराला आणि शाहजहांपूर असे सहा कारखाने आले. कारखाना किनारा सोडून गव्हाच्या शेतांच्या जवळ गेला. नळाने ते शक्य केले.

आकड्यांतून हा प्रवास स्पष्ट दिसतो. भारतात 1960-61 मध्ये नायट्रोजनच्या हिशेबात जेमतेम 1 लाख टन खत बनत होते. 1970-71 मध्ये ते 8.3 लाख टन, 1980-81 मध्ये साडेएकवीस लाख, 1990-91 मध्ये 70 लाख आणि 2000-01 मध्ये सुमारे 110 लाख टन झाले. याच काळात कोळशाच्या वाटेवर मात्र भारत अडखळला. रामागुंडम आणि तालचेर इथे 1980 मध्ये सुरू झालेले कोळशावरचे कारखाने कधीच क्षमतेने चालले नाहीत. भारतीय कोळशातली भरमसाट राख आणि खंडित वीज ही त्यामागची मोठी कारणे. दोन्ही बंद पडले. 2002 मध्ये सिंद्रीही बंद झाले. चीनने जे इंधन घेऊन जगात पहिला क्रमांक मिळवला, त्याच इंधनावर भारताला रामागुंडम आणि तालचेर चालवता आले नाहीत.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत देशात नवा मोठा युरिया कारखाना जवळजवळ आलाच नाही. मागणी वाढत राहिली. 2000-01 मध्ये शून्य असलेली युरियाची आयात 2020-21 मध्ये 98 लाख टनांवर गेली. ओमानमध्ये सूर इथे इफ्को आणि कृभको या सहकारी संस्थांनी ओमानच्या सरकारी कंपनीबरोबर कारखाना काढला आणि 2005-06 पासून तिथला वर्षाला साडेसोळा लाख टन युरिया दीर्घ कराराने भारतात येऊ लागला. वायू तिकडे, शेत इकडे. मग कारखाना वायूजवळ नेणे हा सरळ हिशेब होता. त्यानंतर पुन्हा देशातच उत्पादन वाढवायचे ठरले. राजस्थानात गडेपानचा तिसरा कारखाना 2019 मध्ये, रामागुंडम आणि गोरखपूर 2021 मध्ये, बरौनी आणि सिंद्री त्यानंतर, असे प्रत्येकी सुमारे 12.7 लाख टनांचे कारखाने चालू झाले. 2014-15 मध्ये 225 लाख टन असलेले उत्पादन 2023-24 मध्ये 314 लाख टनांवर पोहोचले.

या यशाचा एक भाग नीट पाहावा लागतो. हे नवे कारखाने वायूवर आहेत, आणि देशातला वायू त्यांना पुरत नाही. युरिया कारखान्यांना लागणाऱ्या वायूतला मोठा हिस्सा कतार आणि इतर देशांतून द्रवरूपात येतो. दहेज, हाजिरा, दाभोळच्या टर्मिनलांवर जहाजे लागतात, वायू पुन्हा उबदार करून नळात सोडला जातो. 2015 पासून देशी आणि आयात वायूची सरासरी काढून सर्व कारखान्यांना एकच दर लावला जातो. जिथे युरियाचे जहाज लागत होते तिथे आता वायूचे जहाज लागते. रोजगार आणि कारखाना देशात आला. अवलंबित्व एक पायरी मागे सरकले, संपले नाही.

वायू कडाडलेल्या 2021 आणि 2022 या दोन वर्षांनी जगातल्या साऱ्या खत उत्पादकांची एकाच वेळी परीक्षा घेतली. वायू एमएमबीटीयू या उष्णतेच्या एककात मोजतात आणि एक टन अमोनियाला तो साधारण 35 एमएमबीटीयू लागतो. ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकेत वायूचा भाव एमएमबीटीयूला 9 डॉलरच्या आसपास होता. युरोपात महिनाअखेरच्या उच्चांकाच्या दिवशी तो 90 डॉलरच्या पुढे गेला. म्हणजे त्या दिवशी नुसत्या वायूचा खर्च अमेरिकेत टनाला 315 डॉलर आणि युरोपात 3,000 डॉलरच्या वर.

युरोपाने कारखाने थांबवले. उद्योगाच्या संघटनेच्या सांगण्याप्रमाणे त्या ऑगस्टात अमोनियाची 70 टक्के क्षमता बंद किंवा कमी केली गेली होती. त्याआधी सप्टेंबर 2021 मध्ये ब्रिटनमधले दोन कारखाने थांबले तेव्हा एक वेगळीच गोष्ट लोकांना कळली. शीतपेयांतला आणि कत्तलखान्यांत डुकरांना गुंगी आणायला लागणारा कार्बन डायऑक्साइड याच कारखान्यांतून येत होता. सरकारला पैसे देऊन एक कारखाना चालू करावा लागला. 2023 मध्ये बिलिंगहॅमचे अमोनिया उत्पादन कायमचे थांबले. त्याच वर्षी फेब्रुवारीत बीएएसएफने लुडविग्सहाफेनमधल्या दोन अमोनिया कारखान्यांपैकी एक बंद करत असल्याचे जाहीर केले.

अमेरिकेने भरपूर कमावले. याच अमेरिकेत 2000 ते 2006 या काळात वायू महागला म्हणून अमोनियाचे उत्पादन 40 टक्क्यांहून अधिक घसरले होते आणि आयात वाढली होती. पुढे शेल खडकांतून काढलेल्या वायूने चित्र उलटे केले.

चीनने दारे लावली. ऑक्टोबर 2021 पासून खतनिर्यातीवर तपासणीची अट आली आणि माल अडला. त्याचा सर्वात विचित्र फटका दक्षिण कोरियाला बसला. तिथे डिझेल ट्रकचा धूर स्वच्छ करायला युरियाचे द्रावण लागते, देशातले युरिया उत्पादन दहा वर्षांपूर्वी बंद झालेले, आणि जवळपास सगळा माल चीनचा. नोव्हेंबरमध्ये ट्रक उभे राहण्याची वेळ आली तेव्हा लष्करी विमान पाठवून ऑस्ट्रेलियातून 27 हजार लिटर द्रावण आणले गेले.

भारताने कारखानेही थांबवले नाहीत आणि भावही वाढवला नाही. 45 किलोची युरियाची गोणी शेतकऱ्याला 266 रुपये 50 पैशांनाच मिळत राहिली. मूळ दर 2012 पासून जवळपास तोच आहे. फरक तिजोरीने भरला. 2019-20 मध्ये 80 हजार कोटींच्या आसपास असलेले खत अनुदान 2022-23 मध्ये अडीच लाख कोटी रुपयांपर्यंत गेले.

कृषी सेवा केंद्रात ही गोणी पॉस मशीनवर अंगठा लावून हातात येते, तेव्हा तिच्यात 20.7 किलो नायट्रोजन असतो. खरिपात स्टेशनवर खताचा रेक लागला की दुकानापुढे रांगा लागतात. टंचाईच्या दिवसांत युरियाबरोबर दुसरे एखादे उत्पादन गळ्यात मारणारे ‘लिंकिंग’ही होते. युरिया स्वस्त आणि स्फुरद-पालाश त्यामानाने महाग, त्यामुळे अनेक शेतांत नत्राचे प्रमाण गरजेपेक्षा जास्त पडते. त्यातला मोठा वाटा पिकापर्यंत पोहोचत नाही. काही हवेत उडतो, काही नायट्रेट होऊन विहिरींत उतरतो. 2015 पासून सगळ्या युरियावर कडुलिंबाच्या तेलाचा थर सक्तीचा झाला, तो ही गळती कमी व्हावी आणि शेतीचा युरिया इतर उद्योगांकडे वळू नये म्हणून. चीननेही 2015 मध्ये रासायनिक खतांच्या वापराची वाढ पाच वर्षांत शून्यावर आणायचे ठरवले. दोन्ही देशांना कळले आहे की पुढचा कारखाना बांधण्याइतकेच हातातले नत्र वाया न घालवणे मोलाचे आहे.

आफ्रिकेची अडचण नेमकी उलटी आहे. 2006 मध्ये अबुजा इथे आफ्रिकी देशांनी हेक्टरी खतवापर 50 किलोपर्यंत नेण्याचे लक्ष्य ठरवले. सहाराच्या दक्षिणेकडे तो आजही त्याच्या निम्म्याच्या आसपास रेंगाळतो. आणि याच खंडात, नायजेरियातल्या लेक्की इथे, 2022 मध्ये वर्षाला 30 लाख टन क्षमतेचा युरिया कारखाना सुरू झाला. वायू तिथला, भांडवल तिथल्याच डांगोटे समूहाचे. तरी माल मोठ्या प्रमाणावर ब्राझील आणि अमेरिकेकडे जातो. रस्ते, गोदामे, कर्ज आणि धान्याला भाव या गोष्टी नसल्या, तर शेजारी कारखाना असूनही मक्याच्या शेतात पोते येत नाही. भारताने अनुदान, रेल्वे आणि सहकारी सोसायट्यांच्या जाळ्यातून हेच अंतर कापले होते. त्या खर्चाची किंमत मोजताना हा फायदाही मोजावा लागतो.

पुढच्या पर्वाची चाहूल नॉर्वेतून आली आहे. 2024 मध्ये यारा या कंपनीने हेरोया इथे 24 मेगावॅटचा विद्युत विघटन प्रकल्प सुरू केला. त्याचा हायड्रोजन पाण्यातून येतो, वायूतून नाही. नांगलच्या जुन्या पद्धतीला आता सौर आणि पवनऊर्जेची साथ मिळू लागली आहे. भारतातही खत कारखान्यांसाठी वर्षाला सुमारे सात लाख टन हरित अमोनिया घेण्याचे लिलाव 2025 मध्ये झाले. वाळवंटातली सौर वीज पुरेशी स्वस्त झाली, तर कच्छ आणि राजस्थान उद्या तेच ठरू शकतात जे काल कतार होते.

यात भारतासाठी एक खास अडचण दडलेली आहे. युरिया बनवायला अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइड लागतो. वायूपासून हायड्रोजन काढताना तो आपोआप मिळतो; पाण्यापासून काढताना मिळत नाही. म्हणून हरित अमोनिया आधी डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) आणि मिश्र खतांच्या कारखान्यांकडे जाणार. युरियासाठी सिमेंट कारखान्यांचा किंवा औष्णिक वीज केंद्रांचा धूर पकडून आणावा लागेल, नाहीतर शेतकऱ्याला अमोनियम नायट्रेट, सल्फेट यांसारख्या खतांकडे वळावे लागेल. युरोप या खतांवर दीर्घकाळ चालला आहे. भारतात खत म्हणजे युरिया हे समीकरण साठ वर्षे घट्ट बसले आहे, आणि त्याच्या भावातला प्रत्येक रुपया राजकीय प्रश्न आहे. तालचेरला पुन्हा कोळशाचा वायू करून युरिया काढण्याचा प्रकल्प चालू आहे तो याच पेचामुळे. देशी कोळसा आयातीपासून सोडवतो, धुरापासून नाही. देशी ऊन धुरापासून सोडवते, पण त्यातून युरिया बनत नाही.

या दोन्हींमध्ये निवड करताना दिल्लीला कोळसा आणि सौर विजेच्या दरांबरोबरच कृषी सेवा केंद्रातल्या गोणीवर काय लिहिलेले असेल, हेही ठरवावे लागणार आहे.